लंगडत्या मांजराचा पाय सगळ्यांत शेवटी बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून एका ताईंनी लिहिलं आहे. घरात सासूबाई, २ मुलं, दीर आणि चिमी नावाची २ वर्षांची मांजरी. यजमान मुंबईला नोकरीला. मंगळवारी पहाटे पाऊस जरा उघडल्यावर चिमी पडवीत आली ती मागचा उजवा पाय उचलूनच. तेव्हापासून पलंगाखालच्या ट्रंकेमागे बसून आहे. ओरडत नाही, बांगड्याचा तुकडा पुढे केला तर चाटते, पायाला मात्र हात लावू देत नाही. दीर म्हणतात, कौलांवरच्या शेवाळावरून घसरली असणार. सासूबाई म्हणतात, मांजराचं हाड आपोआप जुळतं. शेजारचे काका गुरांचे मोडलेले पाय बांधतात. ते कांडवेलीचा लेप घालून बांबूच्या कामट्या बांधून द्यायला तयार आहेत. मुलांचं तापाचं सिरप अर्धा चमचा द्यावं, असंही एक मत आहे. जवळचा दवाखाना गुरांचा, चिपळूण ४५ किलोमीटर, आणि गणपती १२ दिवसांवर. "हाड मोडलंय की नुसतं मुरगळलंय, हे घरी कसं ओळखायचं? इतक्या लांब नेऊन हालच होणार असतील तर इथेच बांधावं का? की सुटका केलेली बरी?" आणि पत्राच्या तळाशी एक ओळ: "कालपासून ती लघवीला गेलेली दिसली नाही."

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी लिहिलीत, तीही जाता जाता. पत्र हाती आलं त्याच दिवशी तुम्हाला कळवलं होतं, पायाचं राहू दे, लघवीसाठी आजच्या आज चिपळूण गाठा. ते तसं का आणि पुढचे दोन महिने काय करायचं, हे इथे सविस्तर देत आहोत. पावसाळ्यात हा प्रश्न काही एकट्या तुमच्याच पडवीत येत नाही.

"मोडलंय की मुरगळलंय" हे विचारणं साहजिक आहे, पण तो पहिला प्रश्न नव्हे. मांडीचं हाड मोडलं म्हणून मांजर सहसा त्या दिवशी दगावत नाही. ज्या दणक्याने हाड मोडलं, त्याच दणक्याने फुप्फुसाला मार बसलेला असू शकतो, छाती आणि पोटामधलं श्वासपटल फाटलेलं असू शकतं, मूत्राशय फुटलेलं असू शकतं. मांजर जातं ते यांनी. म्हणून तर शस्त्रक्रियेची सगळी सोय असलेल्या इस्पितळातही डॉक्टर लगेच हाडाला हात घालत नाहीत. आधी वेदना कमी करायच्या, सलाइन लावायचं, गरज असेल तर ऑक्सिजन द्यायचा, आणि एक-दोन दिवसांनी मांजर भूल सोसण्याइतकं सावरलं की मग हाड. फुप्फुसाला लागलेला मार पहिल्या २४ ते ४८ तासांत वाढतही जातो. तेव्हा घरी बघायचं ते श्वास, हिरड्या, लघवी, आणि मग पाय, याच क्रमाने.

श्वास बघायला चिमीला ट्रंकेमागून ओढून काढायची गरज नाही. थोडं लांब बसा, बॅटरीचा झोत भिंतीवर टाका आणि तिच्या कुशीकडे बघत राहा. कूस वर आली आणि खाली गेली की एक. अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा. शांत बसलेल्या मांजराचा आकडा मिनिटाला साधारण ३० च्या आत असतो. ४० च्या वर जात असेल, पोट खेचून श्वास घेत असेल, मान पुढे ताणून कोपरं बाहेर काढून बसली असेल, तर थांबू नका. आणि तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर ती अगदी तातडीची वेळ आहे. धावून आलेला कुत्रा धापा टाकतो तशी ही नव्हे. मांजर निवांत बसल्या जागी तोंडाने श्वास घेत नाही.

हिरडी बघायला ओठ हलकेच वर करायचा. ती गुलाबी हवी. बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत रंग परत भरतो. पांढरीफटक, निळसर किंवा मातकट हिरडी दिसली तर बाकी काही तपासत बसू नका. चावायला लागली तर हेही सोडून द्या.

आता लघवी. मांजराच्या कमरेचं हाड हे एक कडं असतं. बांगडी एकाच जागी फुटून तशीच राहत नाही, तसं हे कडंही मोडलं की बहुधा दोन-तीन जागी मोडतं. त्याच्या आत मूत्राशय आहे, बाजूने नसा जातात. शेपूट गाडीच्या चाकाखाली किंवा दारात अडकून जोरात ओढली गेली तरी त्याच नसा ताणल्या जातात. बाहेरून दिसतं ते एवढंच, की शेपूट दोरीसारखी लोंबते आहे. लघवी तुंबली की मूत्राशयाचा स्नायू ताणून ताणून सैल पडतो, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय बिघडतं. २४ तास लघवी झालेली नसेल तर आणखी एक रात्र काढायची नाही. ती बाहेर जाऊन आली असेल, कोपऱ्यातल्या गोधडीवर केली असेल, तेही बघून घ्या. पण सतत थेंब थेंब गळत असेल तर "होतेय की" असं समजू नका, भरलेला हंडा काठावरून सांडतो तसं ते असतं. आणि पोट दाबून लघवी करवायचा प्रयत्न घरी कोणीही करू नये. मार लागलेलं मूत्राशय हाताखाली फुटतं.

तुमच्या घरातल्या एकेका समजाकडे वळू या. ते सगळेच चुकीचे नाहीत.

"ओरडत नाही, म्हणजे फार दुखत नसावं." मांजर स्वतः शिकार करतं आणि मोठ्या जनावरांची शिकारही होतं, दुखणं दाखवणं त्याच्या स्वभावात नाही. त्याची वेदना ओरडण्यात शोधायची नसते. ट्रंकेमागे जाऊन बसणं हेच तिचं ओरडणं आहे. आणखी काय दिसतं? डोळे अर्धवट मिटलेले, कान बाजूला पडलेले, पाठ कुबडासारखी, अंग चाटणं बंद म्हणून केस राठ झालेले, जवळ गेलं की गुरगुर. घुरघुरतेय म्हणजे बरी आहे, असंही नाही. मांजर खूप दुखत असतानाही घुरघुरतं.

"थोडा पाय टेकते, म्हणजे मोडलेला नाही." कमरेचं कडं मोडलेली मांजरं डुलत डुलत का होईना, चालतात. पिल्लांची हाडं ओल्या फांदीसारखी अर्धीच मोडतात; ती तर पळतातसुद्धा. मुरगळलेल्या पायाचं मांजर दोन दिवसांत दिसण्याइतकं सुधारतं. तीन दिवस पाय अजिबात टेकत नसेल तर त्याला मुरगळणं म्हणायचं नाही. मांडी दुसऱ्या बाजूपेक्षा जाड दिसते का, पंजा आत किंवा बाहेर वळलाय का, एक पाय आखूड वाटतो का, हे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघा. हाड हलवून "कट्ट वाजतंय का" ते बघू नका. मोडलेलं टोक सुरीसारखं धारदार असतं आणि शेजारून शीर जाते. खुबा निखळला असला तरी वरून चित्र असंच दिसतं. फरक एक्स-रेवरच कळतो. तोही दोन बाजूंनी काढलेला हवा, एक समोरून आणि एक कडेने, कारण एका बाजूने सरळ दिसणारं हाड दुसऱ्या बाजूने चक्क एकावर एक चढलेलं असतं.

"कौलांवरून घसरली असणार." असेल. मांजर चार पायांवर पडतं हे खरंच आहे, पण उंचावरून आलं की पाय वाकतात आणि पाठोपाठ हनुवटी आणि छाती जमिनीवर आपटते. म्हणून कौलांवरून, नारळा-पोफळीवरून पडलेल्या मांजराचं तोंड जरूर बघा. लाळेत रक्त, खालचा जबडा मधोमध दुभंगलेला, खाताना घास गळणं. मधोमध दुभंगलेला जबडा तारेने बांधता येतो आणि तो काही आठवड्यांत जुळतो. न बांधता सोडला तर खाणं थांबून मांजर खंगतं. दीरांचा अंदाज पडताळायला मात्र एक साधी खूण आहे. चिमीचा एखादा चांगला पंजा हातात घ्या आणि नखं बघा. एरवी ती आकड्यासारखी टोकदार, आत ओढलेली असतात. गाडीने उडवलेलं मांजर डांबराला नखांनी घट्ट धरू बघतं आणि घासत जातं. त्याची नखं टोकाला पिंजतात, सुंभाचा शेवट पिंजतो तशी. फटींत काळी कच अडकलेली असते. अशी नखं दिसली तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मग पायाआधी छातीचा एक्स-रे लागेल, कारण फाटलेल्या श्वासपटलातून आतडी छातीत शिरली तरी मांजर दोन-चार दिवस वरकरणी बरं दिसू शकतं.

लंगडणारं प्रत्येक मांजर हाड मोडलेलं असतंच असं नाही, हेही इथेच सांगायला हवं. बोका असेल आणि चार दिवसांपूर्वी रात्री मारामारी ऐकली असेल, तर आधी गळवाचा संशय घ्या: पाय गरम, सुजलेला, अंगात ताप, आणि केसांत दडलेली दाताची बारीक भोकं. आपल्या जांभ्याच्या कातळावर, गडग्यांत फुरसं हा विषारी साप भरपूर. फुरशाचा दंश झाला की सूज पंजाकडून वर चढत जाते आणि भोकातून रक्त झिरपतच राहतं, गोठत नाही. तिथे एक्स-रेसाठी वेळ घालवू नये. माणसाला देतात तीच प्रतिसर्पविषाची लस लागते. तिसरी गोष्ट दुर्मीळ, पण ओळखता यावी अशी. काहीही न लागता मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे, हाताला गार, तळव्यांच्या गाद्या फिक्या किंवा निळसर, आणि मांजर वेदनेने किंचाळतंय. ही हृदयातून सुटलेली रक्ताची गाठ असते, हाडाचा तिथे काही संबंध नाही.

आता ते सिरप. अर्धा चमचाच काय, एक थेंबही नको. कृपा करून बाटली फडताळात परत ठेवा. तापाच्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल असतं. माणसाचं यकृत ज्या मार्गाने ते निकामी करून बाहेर टाकतं, तो मार्ग मांजरात जवळजवळ नाहीच. रक्ताचा रंग बदलतो, ते प्राणवायू वाहून नेईनासं होतं. किलोमागे १० मिलिग्रॅमलाही मांजराला विषबाधा झालेली आहे. हिशेब करून बघा: ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम असलेलं सिरप अर्धा चमचा म्हणजे १२५ मिलिग्रॅम, साडेतीन किलोच्या चिमीला ते किलोमागे ३५ च्या वर पडतं. दिलं गेलंच असेल तर काही तासांत हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास वाढतो. लक्षणांची वाट बघू नका, बाटलीसकट डॉक्टरांकडे जा. यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत मिळायला हवा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड यांनी पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं जातात. बाम लावायचा तर विचारही नको. कापूर, मेंथॉल, विंटरग्रीनचं तेल, जे कातडीवर लागेल ते मांजर चाटून पोटात घेणार. शेजारच्यांच्या कुत्र्याचं मेलॉक्सिकॅम शिल्लक आहे म्हणून आणू नका, कुत्र्यासाठीचं द्रावण मांजरासाठीच्या तिप्पट तीव्र असू शकतं. मांजरासाठी चांगली वेदनाशामकं आहेत. ती डॉक्टरांनी वजन करून, मूत्रपिंडांचा विचार करून द्यायची असतात.

काकांच्या कामट्यांबद्दल. काकांचा हेतू चांगला, आणि गाईच्या नळीच्या हाडाला त्यांचा हात बसलाही असेल. पण बांधण्याचा नियम असा, की मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे जखडले गेले पाहिजेत. मांडीच्या वरचा सांधा खुबा. तो धडात आहे, त्याला कामटी लागणार कुठे? मग कामट्या मांडीच्या मध्यावर येऊन संपतात, म्हणजे नेमक्या मोडलेल्या जागी. खाली बांधलेलं वजन लोंबकळतं आणि मांजराच्या प्रत्येक हालचालीबरोबर तिथेच पहार घातल्यासारखा जोर येतो. पुढच्या पायाच्या दंडाचंही असंच. दुसरा धोका घट्टपणाचा. आत सूज वाढते, पट्टी वाढत नाही. पंजा थंड पडतो आणि काही तासांतच कुजायला सुरुवात होऊ शकते. त्यात आपली आषाढ-श्रावणातली हवा. ओली पट्टी वाळत नाही, खालची कातडी पांढरी पडून सोलते, माशी बसली की अळ्या पडायला एखादा दिवस पुरे. आणि मग कोणीतरी गुरांच्या जखमेत घालतात तसा टर्पेंटाइनचा बोळा आणतं. फिनेल, डेटॉल, टर्पेंटाइन ही तिन्ही मांजराला विषारी आहेत. हाड बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका, हळद किंवा कॉफी भरू नका. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट लहान चमचा मीठ घाला, किंवा औषधाच्या दुकानातून सलाइनची बाटली आणा, त्यात गॉज भिजवून जखमेवर ठेवा, वरून कोरडा गॉज हलका गुंडाळा आणि निघा.

तर पाय बांधायचा नाही, मांजर बांधायचं. म्हणजे असं की तिला हलता येणार नाही अशा खोक्यात ठेवायचं. तुमच्याकडे आंब्याचे प्लॅस्टिकचे क्रेट असतीलच. एकात जाडसर गोधडी घाला, दुसरा त्यावर उलटा ठेवा, चारी बाजूंनी सुतळीने बांधा. हवेला भोकं आयतीच आहेत. वरून चादर टाकून अंधार करा. चिमीला बाहेर काढताना तिला ओढायचं नाही, ट्रंक बाजूला करायची. जाड टॉवेल तिच्या तोंडासकट अंगावर टाका, एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, दुखरा पाय वरच्या बाजूला, आणि उचलण्यापेक्षा पाटावर सरकवा. दोन्ही मागचे पाय फरफटत असतील तर पाठीच्या कण्याला मार असू शकतो. तेव्हा पाटासकटच न्यायचं. रिक्षात क्रेट मांडीवर घेऊ नका, तळाला दोन्ही पावलांच्या मध्ये ठेवा, तिथे हिसके कमी बसतात. निघण्याआधी खायला घालू नका, भूल द्यावी लागू शकते. एवढं करूनही चावली, तर दुखऱ्या मांजराला दोष देऊ नये, पण जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा.

"४५ किलोमीटर नेण्यात हाल होतील" हे तुमचं म्हणणं समजतं, पण त्याची तुलना तुम्ही घरच्या शांततेशी करताय आणि घरी शांतता नाहीये, नुसती वेदना आहे. नीट बांधलेल्या अंधाऱ्या खोक्यातले दोन तास तिला ट्रंकेमागच्या दोन दिवसांपेक्षा जड जात नाहीत. शिवाय "गुरांचा दवाखाना" म्हणून सरकारी डॉक्टरांना वगळू नका. तेही तेच पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलेले असतात. वेदनेचं इंजेक्शन, सलाइन, तुंबलेली लघवी काढणं, एवढं तिथे होऊ शकत असेल तर पुढचा प्रवास सुखाचा होतो. जिथे जायचं तिथे आधी फोन करून तीनच गोष्टी विचारा: एक्स-रे आहे का, मांजराला भूल देता का, हाडाची शस्त्रक्रिया तुम्ही करता की पुढे पाठवता? पुढे पाठवलं तर मुंबईला परळचं बैलघोडा इस्पितळ आहे, तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तुमच्या बाजूने कुंभार्ली घाट चढून कराड-साताऱ्यावरून शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाचाही विचार करता येईल. गणपतीच्या आठवड्यात महामार्गावर मुंबईकडून येणाऱ्यांची रीघ असते, तेव्हा जायचंच तर त्याआधी. सिंधुदुर्गातल्या वाचकांना गोवा किंवा कोल्हापूर जवळ.

एक्स-रे हाती आला की काय काय समोर येईल?

कमरेचं कडं मोडलं असेल, खुब्याच्या सांध्याची वाटी शाबूत असेल आणि लघवी-शी होत असेल, तर पुष्कळदा शस्त्रक्रिया लागतच नाही. ४ ते ६ आठवडे पिंजऱ्यात विश्रांती. सासूबाईंचं म्हणणं इथे निम्मं खरं आहे. हाड आपोआप जुळतं, पण मांजर आपोआप स्वस्थ बसत नाही. मांडीच्या हाडाचे तुकडे सरकले असतील तर मात्र सळी किंवा प्लेट लागते, नाहीतर स्नायू आखडून हाडं एकावर एक चढलेलीच जुळतात आणि गुडघा कायमचा ताठतो. खुब्याचा गोळा मोडला किंवा निखळून बसेना, तर तो गोळाच काढून टाकतात; मांजर हलकं असल्यामुळे तिथे स्नायूंचा सांधा तयार होतो आणि ते पुन्हा चालतं.

खर्च झेपणारा नसेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत मोकळेपणी सांगा, लाजू नका. पाय काढणं हाही एक रीतसर इलाज आहे. एकच शस्त्रक्रिया, नंतरची देखभाल कमी, आणि काही आठवड्यांत मांजर तीन पायांवर ओटीवरून खळ्यात उडी मारतं. अर्धवट बांधून वाकडा, दुखरा पाय आयुष्यभर ओढायला लावण्यापेक्षा ते कितीतरी दयेचं आहे, असं आमचं स्पष्ट मत. सुटकेचा, म्हणजे दयामरणाचा, प्रश्न खऱ्या अर्थाने येतो तो कणा तुटून मागच्या पायांत खोलवरच्या वेदनेची जाणीवही उरली नसेल तेव्हा, किंवा आतल्या इजा भरून येण्यासारख्या नसतील तेव्हा. तेही मांजर धक्क्यातून सावरल्यावर डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. ज्या मांजराचा एक पाय लटकतोय आणि जे बांगडा चाटतंय, त्याच्याबद्दल आज तो प्रश्न नाही.

आता पिंजरा, आणि इथे काकांना बोलवा. कामट्या हव्यातच, पण पिंजऱ्यासाठी. ३ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. आत फळी किंवा माचा नको, उडी मारायला काही नकोच. डालग्याखाली झाकून ठेवू नका, त्यात शीचं टोपलं मावत नाही. टोपल्याची कड दोन इंचांहून उंच नको. प्लॅस्टिकचं घमेलं एका बाजूने कापून घ्या आणि कड मेणबत्तीवर जरा वितळवून बोथट करा. जखम किंवा टाके असतील तोवर वाळूऐवजी वर्तमानपत्राच्या पट्ट्या. गोधड्या तीन तरी हव्यात, कारण पावसात एक वाळायला तीन दिवस लागतात. माशाच्या वासाने मुंग्या येतात. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. गणपतीत माणसांचा राबता, झांजा, फटाके, म्हणून पिंजरा आतल्या खोलीत, दोन बाजूंनी चादर टाकून. बघायला येणाऱ्या मुलांना एकच काम द्या: रोज लघवी किती वेळा आणि शी झाली का, ते कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवस शी नाही, तर डॉक्टरांना कळवा. एरंडेल किंवा पॅराफिन तोंडात ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. खाणं पूर्ण बंद होऊन दोन दिवस झाले तरी कळवा, विशेषतः मांजर गुबगुबीत असेल तर. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि तो वेगळाच आजार होऊन बसतो.

डॉक्टरांनी पट्टी बांधली असेल तर मधली दोन बोटं उघडी ठेवलेली असतात. ती शोभेला नव्हेत. सकाळ-संध्याकाळ बघा: नखं एकमेकांपासून फाकली असतील तर आत सूज आहे. गार बोटं, वास, ओल, यांपैकी काहीही दिसलं तरी त्याच दिवशी पट्टी बदलून घ्यायची. चाटू नये म्हणून गळ्यातलं नरसाळं विकत मिळालं नाही तर जुन्या एक्स-रेच्या फिल्मचं कापून करता येतं, आतली कड कापडाने मढवा. सळी घातलेल्या मांजराने पाय टेकायला सुरुवात करून एके दिवशी पुन्हा उचलला, तर सळी सरकली असं समजून चला.

मोठ्या मांजराचं हाड जुळायला ६ ते ८ आठवडे, कधी १२ सुद्धा. पिल्लाचं ३ ते ४ आठवड्यांत. तिसऱ्या आठवड्यात चिमी अगदी बरी दिसेल, दाराशी येऊन ओरडेल, आणि घरातलं सगळ्यांत हळवं माणूस दार उघडेल. बहुतेक घोटाळे तेव्हाच होतात. दार उघडायचं ते पुन्हा एक्स-रे काढून हाड जुळलेलं दिसल्यावर, आणि तेव्हाही आधी एका रिकाम्या खोलीत, मग घरात. कौलं सगळ्यांत शेवटी.

पिल्लं पाळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पिल्लू पलंगावरून उडी मारूनच पाय मोडून घेत असेल, तर दोष उडीचा नसून ताटलीचा असतो. आपण लाडाने काटे काढून नुसती मासळी आणि भात घालतो. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट. पिल्लाला दोन्ही जवळपास सारखे लागतात. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं आणि हाडं पापडासारखी होतात. वाढीच्या वयात पिल्लांसाठीचं तयार खाणं द्या, नाहीतर डॉक्टरांना विचारून कॅल्शियम. अंदाजाने चमचे ओतू नका.

आणि चिमीच्या बाबतीत, कमरेचं कडं मोडलेलं निघालं तर तिची नसबंदी लांबवू नका. जुळताना ते कडं आतून अरुंद होतं. पुढे कधी शीला कुंथावं लागतं, ते औषधाने आटोक्यात राहतं; पण गाभण राहिली तर पिल्लू त्या वाटेने बाहेर येऊ शकणार नाही. हाड जुळल्याचा एक्स-रे काढायला जाल, तेव्हाच नसबंदीची तारीख ठरवून या.